दुष्काळातून आलेला देवदूत

क्रोशाचा देवदूत डोक्यापासून विणायला घेतात. चार-पाच साखळ्यांचं कडं जोडायचं, त्यात मुके खांब भरायचे, दोन-तीन फेऱ्या वाढवत न्यायच्या आणि मग तेवढ्याच घटवत आणायच्या. तोंड मिटण्याआधी आत कापसाचा बोळा कोंबला की सुपारीएवढं डोकं तयार होतं. मानेपाशी टाके आवळायचे आणि लगेच पुढच्या फेरीत दुप्पट खांब घालायचे, म्हणजे झगा सुटतो. तो जसा खाली उतरतो तसा पसरत जातो आणि शेवटच्या फेरीला शिंपल्यांची झालर येते. पंख वेगळे विणून पाठीला टाचतात. साहित्य म्हणाल तर वीस नंबरचा पांढरा सुती दोरा, एक बारीक पोलादी सुई आणि सरावलेल्या हाताची एक संध्याकाळ.

एवढं करूनही देवदूत उभा राहत नाही, हातात मऊ लोंबत राहतो. त्याला ताठ करायला खळ लागते. जुन्या पद्धतीत साखरेचा दाट पाक करून त्यात तो बुडवत, पिळून पुठ्ठ्याच्या शंकूवर चढवत आणि झालरीची एकेक कड बोटांनी ओढून वाळवत. असा देवदूत काचेसारखा कडक व्हायचा, मात्र पुढच्या नाताळापर्यंत त्याला मुंग्यांपासून जपावं लागायचं. आपल्याकडे तांदळाची कांजी आणि साबुदाण्याची खळ घराघरांत होतीच, त्यामुळे साखरेवाचून अडलं नाही. आता पाण्यात कालवलेलं फेव्हिकॉल वापरतात. 1959 मध्ये सुतारांसाठी बाजारात आलेला हा पांढरा डिंक देवदूतांच्या पंखांना इतका लागेल, हे तो काढणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

दोऱ्यासाठी पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीत राहणाऱ्या विणणारीला लांब जावं लागत नाही. पवनेवरचा पूल ओलांडला की पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर इथे वसवलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केलेली ही बाजारपेठ. शगुन चौकाच्या आसपास लेस, अस्तर, बटणं, दोरे यांच्या दुकानांत शिरलेली बाई रिकाम्या हाताने सहसा बाहेर पडत नाही. नदीच्या अलीकडची काळेवाडी मात्र फार जुनी पेठ नाही. पलीकडे पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज आले आणि कामगारांना परवडेल अशी जागा नदीकाठच्या वाड्यांत सापडत गेली. नढे, तापकीर, काळे यांच्या शेतांवर चाळी उभ्या राहिल्या, त्यांवर मजले चढले. नगर आणि मराठवाड्यातून आलेले मराठी ख्रिस्ती, केरळमधून आलेले मल्याळी, थोडे गोवेकर, सगळे याच लाटेबरोबर आले. काळेवाडीत संत अल्फोन्सांच्या नावाचं चर्च आहे. 2008 मध्ये संतपद मिळालेल्या अल्फोन्सा केरळच्या, आणि चर्चने संत ठरवलेल्या पहिल्या भारतीय स्त्री. नाताळच्या सुमारास एकाच इमारतीत एका घरी करंज्या-शंकरपाळ्यांचा घाणा सुरू असतो आणि दुसऱ्या घरी केरळी पद्धतीचा प्लम केक. दारावरचा कागदी तारा मात्र दोन्हीकडे सारखाच.

नाताळच्या झाडावरचा देवदूत हा त्या मानाने परदेशी पाहुणा. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये सोनेरी पत्र्याचे देवदूत फार पूर्वीपासून बनत. 1848 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या नाताळाचं चित्र छापलं. त्यात झाडाच्या शेंड्यावर पंख पसरलेला छोटा देवदूत आहे. हे चित्र पाहून इंग्रजी मध्यमवर्गाने घरोघरी झाडं सजवायला घेतली, आणि इंग्रजांच्या मागोमाग ती रीत हिंदुस्थानात उतरली. आपल्याकडे फरचं झाड मिळेना, म्हणून सुरूच्या फांद्यांवर काम भागलं.

हा देवदूत सुताचा कसा झाला, हे मात्र राजवाड्यातल्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी उपासमारीच्या गावांत जावं लागतं.

क्रोशे ही फार पुरातन कला आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाआधीचे तिचे ठोस पुरावे मिळत नाहीत. छापलेले पहिले नमुने 1823-24 च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच मासिकात सापडतात. त्याआधी युरोपात चौकटीवर कापड ताणून आकडीने साखळीटाका घालण्याचं काम चाले, आणि ते अठराव्या शतकात पूर्वेकडून तिकडे गेलं होतं. आपल्या कच्छी मोच्यांचं आरीकाम याच जातीचं. पुढे कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि नुसत्या हवेत साखळ्या विणल्या, तेव्हा क्रोशे जन्माला आलं, असं एक मत आहे. ते खरं असेल तर पुढे मिशनरी बायकांनी हिंदुस्थानात आणलेल्या सुईची एक पूर्वज इथूनच गेलेली होती.

या छंदाचं रोजगारात रूपांतर केलं आयर्लंडमधल्या दुष्काळाने. 1845 पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं, लाखो माणसं मेली आणि लाखो देश सोडून गेली. कॉर्कजवळच्या उर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स गावात तिथल्या धर्मगुरूंची पत्नी कॅसँड्रा हँड यांनी 1847 मध्ये हेच काम सुरू केलं. खरी व्हेनिसची लेस करायला महिनोन्‌महिने लागत. तिच्यासारखी दिसणारी क्रोशाची लेस त्याच्या कितीतरी कमी वेळात होई. भांडवल म्हणजे एक आकडी आणि दोऱ्याचा गुंडा, जागा म्हणजे चुलीपाशी बसायला कोपरा. घरातल्या मुलीने विणलेल्या गळपट्ट्यावर अख्खं घर तगलं, अशी उदाहरणं त्या भागात आहेत. लंडनच्या बायका ती लेस मिरवू लागल्या. राणी व्हिक्टोरियाही क्रोशे शिकली. म्हातारपणी, बोअर युद्धात लढणाऱ्या सैनिकांसाठी तिने स्वतः गळपट्टे विणले.

असाच तोडगा मिशनऱ्यांनी हिंदुस्थानातही काढला. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी असलेल्या नरसापूरला मॅक्रे नावाच्या स्कॉटिश दाम्पत्याने 1844 च्या सुमारास लेसची सुरुवात केली, असं सांगतात. सुरुवातीला गरीब ख्रिस्ती बायका शिकल्या. पुढे पडद्यात राहणाऱ्या, शेतावर न जाणाऱ्या कापू जातीच्या घरच्या बायकांनीही सुई उचलली, कारण उंबरा न ओलांडता चार पैसे मिळत होते. आज नरसापूर भारतातल्या क्रोशे लेसचं सर्वांत मोठं केंद्र आहे आणि 2024 मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

महाराष्ट्रात हाच धागा पुण्यापासून फार लांब नाही. इंग्लंडच्या वाँटेज गावचा जोगिणींचा मठ चर्चच्या भरतकामासाठी नावाजलेला होता. त्याच मठाच्या जोगिणी 1877 मध्ये पुण्यात आल्या. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा याच मठात राहिल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. त्यानंतर 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांनी या मुलींची सोय केली. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1899-1900 चा दुष्काळ तर त्याहून भयंकर होता. गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या पोरींना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. रमाबाईंना त्यांच्या हाताला काम हवं होतं आणि कामाच्या बाबतीत त्या अतिशय व्यवहारी होत्या. शेती, गोठा, तेलघाणी, हातमाग, छापखाना, सगळं मुली चालवत. मुक्तीच्या उद्योगांत शिवण, भरतकाम, विणकाम आणि लेसही होती. केडगाव म्हटलं की छापखाना आणि रमाबाईंचं बायबलचं भाषांतर आठवतं, आणि त्या यादीत लेस कुठेतरी शेवटी येते. वास्तविक आयर्लंडच्या जोगिणींनी केलेलं गणितच इथे पुन्हा मांडलेलं होतं. भूक, अनाथ मुलगी, एक सुई आणि दूर कुठेतरी बसलेलं गिऱ्हाईक.

पुढे मात्र महाराष्ट्राची वाट नरसापूरहून वेगळी झाली. इथे क्रोशाचा धंदा झाला नाही. मिशनच्या शाळांतून, मग रमाबाई रानड्यांच्या सेवासदनासारख्या संस्थांतून शिवण-विणकाम शिकलेल्या बायका वाढल्या. सुई पेठांमधल्या माजघरांत पोचली आणि ख्रिस्ती उरली नाही. तिचं तोरण झालं, ताटावरचा रुमाल झाला, पुढे रेडिओचं आणि टीव्हीचं झाकण झालं. रुखवतात क्रोशाचा टेबलक्लॉथ नसला तर मुलीच्या आईला कमीपणा वाटावा, इथपर्यंत मजल गेली. त्याच सुईने मुसलमान घरांत नमाजाची जाळीदार टोपी विणली जाते, आणि चर्चमध्ये वेदीवरच्या वस्त्राची किनार आणि बाप्तिस्म्याचा झगा. साखळी तीच, खांब तेच. नमुना पाहून विणणारीचा धर्म सांगता येणार नाही.

धंदा झाला नाही, ते बरं झालं की वाईट, याचं उत्तर नरसापूर पाहिल्यावर सोपं राहत नाही. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथे जाऊन राहिल्या. त्यांचं पुस्तक 1982 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांना दिसलं ते असं : बायका घरचं सगळं आवरून रोज सहा-आठ तास लेस विणत होत्या, माल युरोप-अमेरिकेत जात होता, मधले व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत होत होते, आणि विणणारीची गणना मात्र ‘घरी बसलेली बाई’ अशी. ती कामगारच नाही, तर मजुरीचा दर मागणार कुणाकडे? आपल्याकडे रुखवताच्या टेबलक्लॉथवर सहा महिने डोळे शिणवणाऱ्या मुलीचं कौतुक व्हायचं ते तिच्या हौसेचं. तिचे तास तिथेही कुणी मोजले नाहीत.

आणि तास मोजायलाच हवेत, कारण इथे यंत्राची पळवाट नाही. दोन सुयांवरचं विणकाम यंत्रावर होतं, भरतकाम होतं, बॉबिन लेसचीही यंत्रं आहेत. क्रोशासारखी दिसणारी पट्टी काढणारी यंत्रंही कारखान्यांत असतात, पण त्यांची वीण वेगळी. खऱ्या क्रोशात प्रत्येक टाका आधीच्या टाक्यात कुठेही, कोणत्याही दिशेने शिरतो. हे करणारं यंत्र अजून कारखान्यात आलेलं नाही. काळेवाडीपासून तासाभराच्या अंतरावर चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यात 2009 पासून गाड्या बाहेर पडताहेत आणि यंत्रमानव त्यांना वेल्डिंग करताहेत. काळेवाडीच्या एखाद्या घरातून पहाटे कंपनीची बस पकडून नवरा त्या पट्ट्यात कामाला जातो. घरी बायकोच्या हातात जे काम असतं, ते त्या पट्ट्यातल्या कुठल्याही यंत्राला जमणारं नाही. मोठ्या दुकानात अतिशय स्वस्त मिळणारा क्रोशाचा टॉपही कुठेतरी कुणाच्या तरी हातानेच विणलेला असतो, हे त्यावरची किंमत पाहताना सहसा लक्षात येत नाही.

गेल्या काही वर्षांत क्रोशाला पुन्हा बहर आला आहे. जपानी अमिगुरुमी बाहुल्यांमुळे पोरीबाळींच्या हातात सुई परत आली, मोबाइलवर नमुने दिसू लागले. 2016 मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या चेन्नईतून चालणाऱ्या गटाने ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि गिनेसमध्ये नोंद झाली. रुखवतातून टीव्हीचं झाकण गेलं, कारण टीव्ही भिंतीला चिकटला. देवदूत मात्र आला, कारण तो लहान असतो, एका बैठकीत होतो आणि भेट म्हणून देता येतो. पूर्वी फक्त पांढरा असायचा. आता झालरीला सोनेरी जरीचा दोरा घालतात, डोक्यावर तेजोवलय म्हणून मण्यांची रिंग बसवतात. जाणकारांना हा नटवेपणा रुचत नाही. पांढऱ्या दोऱ्यात टाक्याची चूक लपत नाही, जरीत लपते, हे त्याचं एक कारण.

डिसेंबरात चर्चच्या आवारात नाताळची विक्री भरते. केक, मेणबत्त्या, कागदी तारे यांच्या शेजारी हे देवदूत मांडलेले असतात. समजा, एका देवदूताला विणणं, खळ आणि वाळवताना आकार देणं धरून तीन तास लागले आणि तो शंभर रुपयांना मागितला गेला. म्हणजे तासाला तेहतीस रुपये. त्यातून दोरा, कापूस आणि फेव्हिकॉल वजा करायचं. एवढ्यावरही ‘ऐंशीला द्या, दोन घेते’ म्हणणारी गिऱ्हाइकं असतातच. यंदा घ्यायचा झाला तर आधी उलटा करून झालरीचे टाके पाहा, खांब सारखे आहेत का बघा, चूक असेल तर खुशाल नाकारा. पण काम चोख असेल, तर सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका.