साबणाची वडी आणि तिचे तीन वंश

अलीकडे हौशी मंडळी घरच्या घरी साबणाच्या शोभिवंत वड्या करितात. त्यांपैकी एखादी उभी चिरून पाहावी. तळाशी शिजविलेल्या साबणाचा काहीसा खरबरीत, पिंगट थर असतो. त्यावर दुधी रंगाचा मऊ गाभा आणि त्यात संगमरवरावर दिसतात तशा रंगीत लहरी. आणि त्या गाभ्यात जडविलेले काचेसारखे पारदर्शक तुकडे. वडी देखणी असते यात शंका नाही. तिचे कौतुक करणारे लोक बहुधा असे म्हणतात की, यंत्रयुगाने हिरावून नेलेली आजीबाईंची कला आता पुन्हा स्वगृही परतली. ही कल्पना मनोहर आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. घरातून जो साबण गेला तो हा नव्हे. या एका वडीत तीन निरनिराळे वंश एकत्र आले आहेत, आणि आजीबाईंच्या कढईचे त्यांतील कोणाशीही फारसे जवळचे नाते नाही.

प्रथम त्या कढईकडेच पाहू. तेल अथवा चरबी आणि तीव्र क्षार यांचा संयोग झाला म्हणजे साबण व ग्लिसरीन हे दोन पदार्थ उत्पन्न होतात, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. अमेरिकेतील वसाहतवाल्यांच्या गृहिणींस ते ठाऊक नव्हते. तथापि साबण त्यांना करावाच लागे. हिवाळाभर चुलीतील राख साठवावयाची, तिच्यातून पाणी झिरपू देऊन क्षारजल काढावयाचे, त्यात कोंबडीचे अंडे अथवा बटाटा तरंगतो की नाही यावरून त्याची तीव्रता ठरवावयाची, आणि मग उरलेल्या चरबीबरोबर ते अंगणात तासन् तास उकळावयाचे. लाकडाच्या राखेत पोटॅश असते आणि पोटॅशपासून होणारा साबण मऊ राहतो. म्हणून या सर्व खटाटोपाच्या अंती हाती येई तो पिंगट, लिबलिबीत, उग्र वासाचा गोळा. तो पिंपात भरून ठेवावयाचा आणि हाताने काढून वापरावयाचा. त्याला आकार देणे शक्य नव्हते, मग अलंकार कोठून घालणार? क्षार अधिक झाला तर हात सोलून निघत, कमी झाला तर साबण तेलकट राही. ही कला नव्हती. घरकामाच्या गाड्याला जुंपलेले आणखी एक कष्टाचे काम होते.

आकार देता येईल असा कठीण साबण निघाला तो भूमध्य समुद्राच्या काठी, आणि हा आपल्या वडीचा पहिला वंश. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या राखेत सोडा असतो आणि सोड्याचा साबण घट्ट होतो. त्यातच त्या प्रदेशात ऑलिव्हचे तेल विपुल. या दोन गोष्टींच्या बळावर अलेप्पो, नाब्लस, कॅस्टिल व मार्सेय येथे साबणाचे मोठे धंदे उभे राहिले. अलेप्पोत ऑलिव्हचे तेल दिवसच्या दिवस शिजवून शेवटी त्यात लॉरेलचे तेल घालतात, साबण जमिनीवर पसरून कापतात, प्रत्येक वडीवर छाप मारितात आणि कित्येक महिने रचून वाळवितात. वाळता वाळता वडी बाहेरून सोनेरी होते आणि आतून हिरवी राहते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकीर्दीत, १६८८ साली, मार्सेयच्या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरे तेल वा चरबी घालण्यास राजाज्ञेने मनाई झाली. शिजविलेल्या साबणाचा हा वंश कारागिरांच्या संघटित धंद्याचा आहे. अलेप्पो व नाब्लस येथील परंपरांचा युनेस्कोने २०२४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला, तोही याच अर्थाने. तेथे जपली गेली ती पिढीजात कारागिरी, हौस नव्हे.

दुसरा वंश वितळविलेल्या साबणाचा. आणि शोभेची खरी परंपरा याच्याकडे जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ह्यू प्लॅट याने कुलीन स्त्रियांसाठी गृहकौशल्याचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुगंधी साबणगोळ्यांची कृती आहे. तयार कॅस्टिल साबण खरवडून गुलाबपाण्यात विरघळवावयाचा आणि त्यात गुलाबपाकळ्या, लॅव्हेंडर व सुगंधी मुळ्या यांचे वस्त्रगाळ चूर्ण खलबत्त्यात घोटून मिसळावयाचे, असा तिचा सारांश. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही गृहिणी साबण करीत नाही. तो दूरच्या कारागिराने केलेला असतो. ती त्याला नटविते. अर्थात घरातील शोभिवंत साबण चारशे वर्षांपूर्वीदेखील बाजारातील साबणाच्या आधारानेच होत असे.

पुढे १७८९ च्या सुमारास अँड्र्यू पीअर्स नावाचा नापित लंडनला येऊन राहिला. तत्कालीन साबणाने बड्या गिऱ्हाइकांच्या नाजूक त्वचेची आग होते, असे त्याच्या ध्यानी आले. साबण मद्यार्कात विरघळवून शुद्ध करावा या मार्गाने तो गेला आणि १८०७ साली त्याचा पारदर्शक साबण विक्रीस आला. त्या काळी इंग्लंडात साबणावर जबर कर होता, तो १८५३ साली ग्लॅडस्टनने उठविला. तोपर्यंत असा साबण ही श्रीमंतांचीच चैन होती. आज आपल्या वडीत जडविलेले काचेसारखे तुकडे या पीअर्सच्याच कुळातले. फरक इतकाच की, ग्लिसरीन वगैरे मिसळलेला तयार ठोकळा आज दुकानात मिळतो आणि तो मंद आचेवर वितळवून साच्यात ओतला की काम झाले.

तिसरा वंश थंड कृतीचा. वडीचा दुधी गाभा त्यातला. या कृतीत तेलात क्षारजल घालून ते घट्ट होईपर्यंत घोटतात आणि साच्यात ओततात; शिजविणे नाही, आणि निथळून टाकणेही नाही. रंगीत लहरी उठविता येतात त्या या पातळ अवस्थेतच. ही कृती दिसावयास सर्वांत सोपी, पण वयाने ती सर्वांत लहान आहे. शिजविताना क्षार कमीअधिक झाला तर तो सुधारता येतो; थंड कृतीत जे एकदा पडले ते पडले. म्हणून क्षाराची शुद्धता आणि तेलाची भूक या दोन्ही गोष्टी आधीच अचूक ठाऊक असाव्या लागतात. मिठापासून सोडा करण्याची कृती लब्लां याने १७९१ साली हक्कबद्ध केली. मेद म्हणजे काय याचा उलगडा शेव्ह्रल याच्या १८२३ सालच्या ग्रंथाने केला. आणि अमुक तेलास अमुक क्षार लागतो हे मोजण्याची रीत १८७९ साली कॉटस्टॉर्फरने घालून दिली. १०० ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तितक्याच ऑलिव्ह तेलास साडेतेराच्या आसपास पुरतो, हे आजचा हौशी मनुष्य कोष्टकात पाहतो आणि थोडे तेल मोकळे उरावे म्हणून सोडा हिशेबापेक्षा शेकडा पाच कमी घेतो. त्या कोष्टकामागे शंभर वर्षांचे रसायनशास्त्र उभे आहे.

हे तिन्ही वंश एका साच्यात नांदविणे म्हणजे केवळ हौस नव्हे. त्यांचे स्वभाव जुळत नाहीत. थंड कृतीचा साबण साच्यात स्वतःच्याच उष्णतेने तापतो; तो फार तापला तर आतले पारदर्शक तुकडे वितळून लहरींत मिसळतात. तो चार ते सहा आठवडे वाळतो, पाणी उडून जाते आणि वडी आकसते. पारदर्शक तुकडा मात्र त्या प्रमाणात आकसत नाही, आणि दोघांत भेग पडते. ग्लिसरीन हवेतील ओल ओढून घेते, म्हणून कोकणातील पावसाळ्यात असल्या वडीला अक्षरशः घाम फुटतो. शिजविलेला साबण जाडसर, तो गुळगुळीत ओतता येत नाही. एकेका पद्धतीचा गतेतिहास असा वडीत जिवंत असतो, आणि ज्याला तो ठाऊक आहे त्याचीच वडी अखंड राहते.

आपल्याकडे तर 'कला परत आली' हे म्हणणे अधिकच विचित्र ठरते. महाराष्ट्रातील घरांत केसांना शिकेकाई व रिठा, अंगाला डाळीचे पीठ व उटणे, ही आपली परंपरा; साबण आला तो पेटीत बंद होऊन. लीव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी चरबीला फाटा देऊन वनस्पतींच्या तेलांचा 'चावी' साबण १९१८ साली काढला, आणि पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) धामधुमीत परदेशी जाण्यावाचून अडून पडलेल्या चंदनातून म्हैसूर संस्थानाचा चंदनी साबण उभा राहिला. स्वदेशीच्या अभिमानाने आपण साबण आपलासा केला आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानात त्याला उटण्याच्या शेजारी बसविले. पण तोही कारखान्यातूनच आला होता.

मग या नव्या वड्यांचे कौतुक करू नये काय? अवश्य करावे, पण योग्य कारणासाठी. त्यांना जुन्या कलेचा पुनर्जन्म म्हटल्याने दोन अन्याय होतात. राखेच्या पाण्यात ज्यांचे हात सोलले गेले त्या स्त्रियांचे कष्ट आपण नकळत गोडगुलाबी करून टाकतो. आणि वजनकाटा, उष्णतामापक व कोष्टक हाताशी घेऊन आज जो मनुष्य विवेकाने काम करितो, त्याचे नवे कर्तृत्व भूतकाळाच्या खाती जमा करितो. कारागिराचा अनुभव, नापिताचे चातुर्य आणि शास्त्रज्ञाचे मापन या तिन्ही गोष्टी घराबाहेर जन्मल्या, वाढल्या आणि आता प्रथमच स्वयंपाकघरातील एका साच्यात भेटत आहेत. घरी परतलेला पाहुणा म्हणून त्यांचे स्वागत करण्यापेक्षा प्रथमच उंबरा ओलांडणारा पाहुणा म्हणून करणे अधिक सत्याला धरून होईल. आणि नव्या पाहुण्याचे आतिथ्य आपण अधिक मनापासून करितो, हे वाचकांस सांगावयास नकोच.