जोडीचा फोटो

शहापुरातील आमच्या जुन्या घरी माजघराच्या दारावर आजी-आजोबांचा जोडीचा फोटो आहे. आजोबा खुर्चीत, शेजारी आजी उभी, कानांत बुगड्या. आजोबांच्या तोंडावर उजेड डावीकडून पडलेला आणि आजीच्या उजवीकडून. एवढी साधी गोष्ट ध्यानी यायला मला पन्नाशी गाठावी लागली! आत्याला विचारले, तर ती हसू लागली.

"अरे, ती दोघं फोटोला एकत्र कधी बसलीच नाहीत. आई गेली चव्वेचाळीस साली, फोटो केला एक्कावन्नात. तोंड आईचं, एका लग्नाच्या घोळक्यातलं. तिचं लुगडं नेसून उभी राहिले ती मी!"

मी इतिहासाचा मास्तर. गल्लीच्या स्मरणिकेसाठी हाच फोटो द्यायचे कबूल करून बसलो होतो. आता त्याखाली काय लिहावे? या प्रश्नाने मी या जोडकामाच्या मागे लागलो.

ही विद्या फार जुनी. कलोडियनच्या ओल्या काचा निळ्या उजेडाला भारी हळव्या असत. समुद्र नीट उमटवावा, तर आकाश पांढरेफटक! म्हणून फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसरीवरून छापले. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या ऑस्कर रेलांडर या स्वीडिश माणसाने तर १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र केले. मधोमध वृद्ध गुरू, एक तरुण सदाचाराच्या वाटेला, दुसरा चैनीच्या. कागदाचा एक तुकडा उघडा ठेवायचा, बाकीचा झाकायचा, उन्हात एक निगेटिव्ह छापायची; मग पुढचा तुकडा. हे काम काही आठवडे चालले. मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते चित्र गाजले, व्हिक्टोरिया राणीने प्रत विकत घेतली. स्कॉटलंडात मात्र नग्न आकृत्यांमुळे अर्ध्या चित्रावर पडदा पडला.

पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचे चित्र केले. लोक चिडले. दुःखाचा असा बाजार मांडावा का, म्हणाले. ती मुलगी प्रत्यक्षात ठणठणीत होती! चित्रकाराने हेच रंगवले असते तर कोणी ब्र काढला नसता. कॅमेरा मात्र जागेवर हजर होता, अशी आपली समजूत. नाथद्वाऱ्याचे चित्रकारही यात्रेकरूंच्या फोटोंतले चेहरे कापून श्रीनाथजींच्या चित्रात चिकटवीत. पण तिथे कुंचला उघड दिसे. आमच्या फोटोत तो लपवलेला.

आमच्या स्टुडिओवाल्याने तुकडे कापून चिकटवले, त्यावरून पुन्हा फोटो काढला आणि ब्रशने सांधे बुजवले. हे काम करणारा रंगारी कानडी, आत्याचे कानडी तेव्हा बेताचे. पण बुगडी हा शब्द दोघांचाही.

"लग्नातल्या फोटोत आईच्या कानांत काहीच नव्हतं," आत्या म्हणाली. "काकाच्या मॅट्रिकच्या फीसाठी मोडल्या होत्या ना! मी त्याला हातानं खूण करून सांगितलं, इथं काढ."

स्मरणिकेसाठी मी ओळ लिहिली : 'आजोबा, आजी आणि आत्या, १९५१.' आत्याने चष्मा लावून ती वाचली.

"आणि बुगड्या?" तिने विचारले.