चार काटक्यांची कुळकथा

कपाशीच्या चार पऱ्हाट्या, केळीच्या सोपटाचा दोरा आणि खोक्याचा पुठ्ठा. पुतणीला कार्यानुभवासाठी फोटोची चौकट करायची होती, आणि जळगावकडे पहिल्या दोन वस्तू विकत घ्यायची वेळ कुणावर येत नाही. वेचणी आटोपली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग. घड उतरले की रावेर-यावलकडे केळीची खोडं आडवी. वाळलं सोपट पाच मिनिटं पाण्यात भिजवलं की त्याच्या उभ्या पट्ट्या सहज निघतात. गजरेही त्यानं बांधतात. पऱ्हाट्या एकमेकींवर टाकून मी कोपरे बांधले, तर आठही टोकं बाहेर डोकावायला लागली.

"काका, हे दार झालं," पुतणी म्हणाली.

खरंच की. जुन्या घराच्या दाराची चौकट बघा. वरच्या आणि खालच्या लाकडाची टोकं अशीच पुढे काढलेली असतात, ती भिंतीत चिणली की चौकट हलत नाही. दाराला आणि फोटोला आपण एकच शब्द वापरतो तो उगाच नव्हे.

फोटोच्या चौकटीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: 1894 साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, रंगीत देव घरोघर गेले, मागोमाग काच आणि सुताराची पट्टी. मला छळतो तो शब्द. (शब्द उकरायची खोड आमच्या मुलखातली, मराठी धातुकोशासाठी खपलेले राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच गेले.)

माझं म्हणणं असं की चौकट म्हणजे चतुष्काष्ठ, चार लाकडं. बंगालीत दाराच्या चौकटीला 'चौकाठ' म्हणतात, तिथं लाकूड डोळ्यांना दिसतं. शेजारच्या गुजरातीत 'चोकठुं', त्यात ठ शिल्लक आहे; गुजराती माणूस दातांच्या कवळीलाही तेच म्हणतो. हिंदीत 'चौखट'. आणि मराठीला हिंदीतला असा ह-कार टाकून द्यायची सवयच आहे: भूख-भूक, भीख-भीक, हाथ-हात. मग चौखटची चौकट व्हायला कितीसा वेळ?

यावर माझा एक मित्र, शाळेत मराठी शिकवतो, हटून बसला. त्याच्या मते यात काष्ठबिष्ठ काही नाही. तेलकट, मळकट, धुरकट, पोरकट, तशीच चौकट. चौकोनासारखं दिसतं ते. मी म्हटलं, तुझे सगळे कट विशेषणं आहेत, आणि चौकट चांगलं स्त्रीलिंगी नाम आहे. शिवाय बंगाल्यानं काठ आणला कुठून? तो म्हणाला, मराठीनं आठ, पाठ, ओठ यांतला ठ सोडला नाही, मग चौकटीतलाच का सोडावा?

इथं मी जरा अडकलो. मग हातातल्या तुकड्याकडे लक्ष गेलं. काटकी! काठी म्हणताना आपण ठ सांभाळतो, पण तिचाच बारका तुकडा मोडला की काटकी म्हणतो. दोन्ही काष्ठाचीच पोरं, असा माझा अंदाज आहे. एकीनं ठ ठेवला, दुसरीनं टाकला. टाकणारी चौकटीची सख्खी बहीण. मित्राला हे पटलं नाही. मला पुरेसं पटलं आहे.

त्याचा शेवटचा पत्ता मात्र बरा होता, अक्षरशः पत्ताच. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट. "पत्त्यातल्या चौकटीत लाकूड कुठाय? आणि ती सरळ का उभी नाही?"

उत्तर पुतणीच्या टेबलावर मिळालं. मी कोपरे सैल बांधले होते. सुतार दोरीनं दोन्ही कर्ण मोजून बघतो, सारखे भरले तरच चौकट काटकोनात. मी ते केलंच नव्हतं. तिनं चौकट एका कोपऱ्याला धरून उचलली, चारही काटक्या सरकल्या आणि लाल पऱ्हाट्यांचा तो चौकोन कलंडून थेट पत्त्यातली चौकट होऊन लोंबायला लागला.

कोपरे सोडले, सोपट पुन्हा भिजवलं, या वेळी फुलीसारखे वेढे घेतले. मागून पुठ्ठा लावला. हा शब्द पृष्ठ वरून आलेला, म्हणजे पाठच. कणकेची खळ लावून फोटो चिकटवला. शाळेत बाईंनी शेरा दिला, "टोकं कापावीत." पुतणीनं कापली नाहीत.