डोक्यातला भाता

रात्री निजानीज होते, रस्त्यावरची वाहतूक थांबते, आणि काही माणसांच्या कानात एक आवाज सुरू होतो. धस्... धस्... धस्... कुणाला तो लोहाराच्या भात्यासारखा वाटतो, कुणाला दूरवर चाललेल्या पिठाच्या गिरणीसारखा. उशीवर कान टेकला की तो अधिकच स्पष्ट होतो. मनगटावर बोट ठेवून पाहिले, तर आवाजाची आणि नाडीची चाल एकच असल्याचे लक्षात येते. जिना चढून आले की दोन्ही एकदमच जलद होतात. शेजारच्या माणसाला विचारावे, तर त्याला काहीच ऐकू येत नाही. मग घरातले लोक म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस.’

आजच्या भाषणाचा विषय हा आवाज आहे. डॉक्टर त्याला ‘पल्सेटाइल टिनिटस’ म्हणतात. आपण त्याला ‘स्पंदनी कर्णनाद’ म्हणू या.

कानात आवाज येण्याची तक्रार फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत ‘कर्णनाद’ आणि ‘कर्णक्ष्वेड’ हे दोन रोग आवाजाचेच आहेत. माधवनिदानात या नादाला भेरी, मृदंग आणि शंख यांच्या आवाजांची उपमा दिली आहे. परंतु सगळे कर्णनाद एका जातीचे नसतात. बहुतेकांना ऐकू येतो तो सलग आवाज, शिटीसारखा किंवा रातकिड्यांसारखा. तो ऐकण्याच्या यंत्रणेतल्या बिघाडातून उपजतो, त्याच्यामागे कुठलाही खरा ध्वनी नसतो. नाडीच्या ठेक्यावर चालणाऱ्या आवाजाची गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळदा शरीरात खरोखरच आवाज होत असतो आणि कान तो इमानाने ऐकत असतो. हा फरक वैद्यकाला कसा उमगला, याचा इतिहास अडीचशे वर्षांचा आहे.

सुरुवात होते ती कानापासून नव्हे, कोपरापासून. अठराव्या शतकात युरोपात बारीकसारीक दुखण्यावरही शीर उघडून रक्त काढण्याची पद्धत होती. कोपराच्या पुढच्या बाजूला पाते लावताना कधी कधी ते शिरेतून आरपार जाऊन खालच्या धमनीलाही लागे. दोन्ही जखमा एकमेकींना जुळून भरत आणि धमनीतले रक्त थेट शिरेत घुसू लागे. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञांनी १७५७ पासूनच्या आपल्या लेखनात या विकाराचे वर्णन केले. अशा जागी बोट ठेवले तर थरथर जाणवते आणि कान लावला तर फुसफुस ऐकू येते, हे त्यांनी नोंदवले. रक्तालाही आवाज असतो, हा धडा यातून मिळाला.

निरोगी शरीरात रक्त गुपचूप वाहते. संथ, खोल नदी काठावरच्या माणसाला ऐकू येत नाही, पण तिचे पात्र अरुंद झाले किंवा मध्ये खडक आले की खळाळ सुरू होतो. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. वाट अरुंद झाली, दोन वाहिन्यांमध्ये भलतीच वाट फुटली, किंवा प्रवाहाचा वेग फार वाढला, की रक्तात भोवरे उठतात आणि आवाज होतो. आता कानाचा शेजार पाहा. मेंदूकडे जाणारी कॅरॉटिड धमनी आतल्या कानाला जवळजवळ खेटून हाडातून जाते आणि मेंदूतले रक्त परत आणणारी मोठी शीर मधल्या कानाच्या खालून उतरते. मध्ये असते ते पातळ हाड. इतक्या जवळ खळाळ झाला, तर कानाने तो ऐकायचा नाही तर काय करायचे?

हे सारे कळण्याच्या आधीची एक हकिकत लंडनमधली आहे. २८ डिसेंबर १८०४ च्या संध्याकाळी एका गर्भवती स्त्रीच्या कपाळात डाव्या बाजूला अचानक ‘टच्’ असे काही तरी तुटल्यासारखे झाले. नंतर तिचा डोळा सुजून पुढे येऊ लागला, त्यात धडधड जाणवू लागली आणि डोक्यात आवाज सुरू झाला. तो भात्याच्या फुंकरीसारखा असल्याचे तिचे सांगणे होते. चार वर्षांहून अधिक काळ तिने तो आवाज सोसला. अखेर २३ मे १८०९ रोजी बेंजामिन ट्रॅव्हर्स या तरुण शल्यविशारदांनी तिच्या मानेतली कॅरॉटिड धमनी दोऱ्याने बांधून टाकली. भुलीचे औषध अजून यायचे होते. जाग्या माणसाची मान उघडून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी बंद करायची, हे केवढे धाडस! रोगी बरी झाली आणि १८११ साली ट्रॅव्हर्स यांनी तिची हकिकत छापली.

गंमत अशी, की शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी निदान चुकीचेच होते. डोळ्याच्या खोबणीतल्याच रक्तवाहिन्यांचे जाळे फुगले आहे, असा ट्रॅव्हर्स यांचा समज होता. खरा दोष मागे, कवटीच्या तळाशी होता. तिथे शिरांची एक पोकळी आहे आणि कॅरॉटिड धमनी चक्क तिच्या आतून जाते. धमनीला चीर गेली की जोराचे रक्त त्या पोकळीत उसळते, डोळ्यामागे तुंबते आणि भाता सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसच्या ओगुस्त नेलाताँ यांच्याकडे छत्रीचे टोक डोळ्यात घुसलेला एक रोगी आला होता. त्याच्या शवविच्छेदनात ही चीर प्रत्यक्ष दिसली. कोपराच्या जखमेत हंटर यांनी जे पाहिले, तेच इथे डोक्यात घडत होते.

मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती एक नवे साधन आले होते. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक यांनी एका तरुणीचे हृदय ऐकण्यासाठी कागदाची घट्ट सुरळी केली. तिचे एक टोक छातीवर आणि दुसरे आपल्या कानावर लावले. पुढे लाकडी नळी आली, १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, आणि स्टेथोस्कोप जगभर पोहोचला. हृदयातल्या व धमन्यांतल्या एका आवाजाला लाएनेक यांनी जे फ्रेंच नाव दिले, त्याचा अर्थ आहे ‘भात्याचा आवाज’. लंडनच्या त्या बाईने जी उपमा वापरली, तीच पॅरिसच्या वैद्यराजाला सुचली! रोगी आतून ऐकतो आणि डॉक्टर बाहेरून, पण आवाज एकच.

१८२१ मध्ये पॅरिसच्याच झाँ इतार यांनी कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. ज्यांच्यामागे शरीरातला प्रत्यक्ष ध्वनी असतो असे ‘खरे’ कर्णनाद आणि तसा ध्वनी नसलेले ‘खोटे’, असे दोन वर्ग त्यांनी केले. ‘खोटे’ म्हणजे ढोंग नव्हे, हे लक्षात घ्या. जळत्या लाकडांच्या आवाजाने कानातला आवाज झाकावा, असा उपायही ते सुचवत. आज रात्री मोबाइलवर पावसाचा आवाज लावून झोपणारी माणसे नकळत इतार यांचाच सल्ला पाळत असतात.

याच शतकात मानेतल्या शिरांचा एक गुणगुणणारा आवाज फ्रेंच डॉक्टरांनी टिपला. गुंगत फिरणाऱ्या एका खेळण्यावरून त्यांनी त्याला नाव दिले. निस्तेज, फिकट, दमलेल्या तरुण मुलींमध्ये तो बरेचदा सापडे. कारण होते रक्तक्षय. रक्त पातळ झाले की हृदय ते जोराने फिरवू लागते आणि वेगाबरोबर आवाज येतो. १८३० च्या दशकात पिएर ब्लो यांनी लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या आणि अशा मुलींवर एक साधा उपचार हाती आला. ही हकिकत आपल्याला फार जवळची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कानातल्या धसधशीवर पहिली तपासणी म्हणून साधे हिमोग्लोबिन करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे. मात्र रक्त सुधारूनही आवाज राहिला, तर शोध तिथेच थांबवू नये.

कारण पुढची गोष्ट डोळ्यांवर बेतणारी आहे. मेंदूभोवती जे पाणी असते, त्याचा दाब काही जणांमध्ये गाठ नसताना वाढतो. जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये पाठीच्या कण्यात सुई घालून हे पाणी काढण्याची रीत रुळवली आणि त्यामुळे दाब मोजता येऊ लागला. १९०४ साली मॅक्स नोने यांनी या विकाराला ‘खोटी गाठ’ अशा अर्थाचे नाव दिले. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी असे २२ रोगी नोंदवले. १९५५ साली जॉन फोली यांनी त्याला ‘बिनाइन’, म्हणजे निरुपद्रवी, हे विशेषण जोडले. गाठ नाही, जिवाला धोका नाही, या अर्थाने ते बरोबर होते. परंतु या दाबाने डोळ्याची नस सुजते आणि माणूस आंधळाही होऊ शकतो. ज्याची दृष्टी गेली त्याला निरुपद्रवी कसे म्हणायचे? पुढे हे विशेषण मागे पडले. हा विकार तरुण, वजन जास्त असलेल्या स्त्रियांत अधिक दिसतो. २०१४ साली अमेरिकेत अशा १६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ५२ टक्के रुग्णांना नाडीच्या ठेक्यावरचा आवाज ऐकू येत होता, तर दृष्टी कमी झाल्याचे ३२ टक्क्यांनी सांगितले. काहींच्या बाबतीत डोळ्यांच्या आधी कानानेच सूचना दिलेली असते, ती ऐकायला हवी. वजन कमी करणे आणि दाब उतरवणारी औषधे यांनी अनेकांची दृष्टी वाचते.

ऐकण्यानंतर आले पाहणे. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी धमनीत औषध सोडून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढले. पाहता आले तसे दुरुस्तही करता येऊ लागले. मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांना मे दिनाच्या गर्दीत मुलांच्या हातातले फुगे पाहून कल्पना सुचली, असे सांगतात. बारीक नळीच्या टोकाला इवलासा फुगा लावायचा, तो रक्तवाहिनीतून चिरेपर्यंत न्यायचा, फुगवायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. १९७४ साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. ट्रॅव्हर्स यांनी मान उघडून केलेले काम आता मान न उघडता होऊ लागले. २००२ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी मेंदूतल्या अरुंद झालेल्या शिरेत स्टेंट बसवून पाण्याचा दाब उतरवल्याचे प्रसिद्ध केले. निवडक रुग्णांत अशा स्टेंटमुळे कानातला आवाजही थांबतो, असा पुढचा अनुभव आहे.

कधी खोट रक्तात नसून हाडात असते. १९९८ साली अमेरिकेत लॉइड मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतल्या कानाच्या एका नळीवरचे हाड विरून गेलेले रोगी प्रथम वर्णिले. अशा माणसाला स्वतःची नाडीच नव्हे, डोळ्यांच्या बुबुळांची हालचालही ऐकू येऊ शकते! दोनशे वर्षांपूर्वी असे कुणी म्हटले असते, तर त्याची रवानगी कुठे झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

याखेरीज उतारवयात कॅरॉटिड धमनीत चरबीचे थर बसतात, मधल्या कानात रक्तवाहिन्यांची लालसर गाठ होते, थायरॉइड वाढलेला असतो, रक्तदाब चढलेला असतो. कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. बाहेरचे आवाज कमी झाले की आतले मोठे वाटतात, एवढेच. प्रत्येक आवाजामागे संकट दडलेले नसते, आणि सगळ्या तपासण्या करूनही काहींचे कारण सापडत नाही. अशांना आवाजासोबत राहावे लागते. पूर्ण शांततेत न झोपणे, खोलीत हलका आवाज चालू ठेवणे, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र वापरणे, यांनी रात्री सुसह्य होतात. धोक्याची कारणे तपासून बाजूला ठेवली आहेत, हे कळल्यावर पुष्कळांची निम्मी भीती जाते.

मात्र आवाजाबरोबर नजर धूसर होणे, नवी आणि तीव्र डोकेदुखी, डोळा लाल होऊन पुढे येणे, हातापायातली शक्ती जाणे, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू होणे, यांतले काहीही असेल, तर एक दिवसही थांबू नये. श्रवणचाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणजे आवाज खोटा ठरत नाही, कारण ती चाचणी कान किती ऐकतो हे मोजते, रक्त कसे वाहते हे नाही. मान दाबून आवाज कमी होतो का, हे पाहण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे.

आपण करण्यासारखे काम त्याहून सोपे आहे. आवाज येत असताना मनगटाची नाडी धरा, दोन्हींची चाल जुळते का पाहा आणि डॉक्टरांना तेवढेच नेमके सांगा, ‘माझ्या कानातला आवाज नाडीबरोबर चालतो. मानेवर आणि कानामागे जरा स्टेथोस्कोप लावून बघता का?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)