सेल्फ मारला, पण गाडी गप्प!

चिखली / प्रतिनिधी

पहाटे साडेपाचच्या सुमारास साने चौक, मोरे वस्ती, कुदळवाडी या भागांतून दुचाकींची रांग तळवडेमार्गे चाकणकडे निघते. पहिली पाळी गाठायची असते. दारावर उशीर झाला की कंत्राटी कामगाराला अर्ध्या दिवसाच्या मजुरीची धास्ती. आणि नेमकी अशाच वेळी गाडी सुरू होण्यास नकार देते. गॅरेजचे शटर उघडायला अजून तीन-चार तास अवकाश असतो. मग किकवर किक मारल्या जातात, सेल्फचे बटण दाबून धरले जाते आणि बॅटरीत उरलीसुरली असेल तेवढी शक्तीही संपून जाते. वास्तविक अशा अनेक तक्रारींचे मूळ घरच्या घरी, दहा-पंधरा मिनिटांत सापडू शकते. मात्र तपासणीचा क्रम ठरलेला हवा.

सुरुवात हत्यारांनी नव्हे, डोळ्यांनी करावी. उजव्या मुठीजवळचे लाल बटण, म्हणजेच किल स्विच, बंद तर नाही ना, हे प्रथम पाहावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांवर बसून खेळणारी मुले हे बटण हमखास दाबून ठेवतात आणि मालक मात्र प्लग बदलण्याच्या गोष्टी करतो! अनेक नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल, किंवा गाडी गिअरमध्ये असून क्लच दाबलेला नसेल, तर इंजिन सुरूच होऊ दिले जात नाही. स्कूटरला ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. टाकीत पेट्रोल आहे का, हेही संकोच न बाळगता पाहावे.

यानंतर चावी फिरवून हॉर्न वाजवावा. हेडलाइटवर विसंबू नये. कारण एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू राहणे बंधनकारक झाले आणि अनेक गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. हॉर्न क्षीण वाजत असेल आणि सेल्फ दाबताच नुसते ‘टक-टक’ ऐकू येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या सैल टर्मिनलचा. हॉर्न खणखणीत, पण सेल्फला काहीच प्रतिसाद नाही, असे असेल तर स्विच, रिले किंवा त्यांच्या वायरींकडे संशय जातो. हॉर्न, इंडिकेटर सारेच मुके असतील, तर आधी फ्यूज पाहावा. सेल्फ जोमाने फिरतो आणि तरीही इंजिन पकडत नाही, अशी स्थिती असल्यास बॅटरी निर्दोष समजावी. तेथे प्लगला करंट नाही किंवा पेट्रोल पोहोचत नाही.

बॅटरीची परीक्षा स्वस्तातल्या मल्टिमीटरनेही होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा गेल्यास ती उतरली आहे असे समजावे. गाडी चालू करून रेस दिल्यावर हा आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढायला हवा. तो चढत नसेल, तर नवी बॅटरी घेऊनही उपयोग नाही, कारण चार्जिंगच होत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल, तर खाण्याच्या सोड्याचे पाणी लावून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती काढावी आणि जागा कोरडी करावी. वायर सोडताना ऋण टोक आधी, जोडताना मात्र शेवटी. हा क्रम उलटला आणि पाना चॅसीला टेकला, तर ठिणगी उडते.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा दुसरा बसवावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळून ‘काम भागवण्याची’ पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती अत्यंत धोकादायक होय. जे फ्यूज जळून वाचवतो, तेच वायरिंग मग पेटते. नवा फ्यूजही लगेच गेला, तर तिसरा लावू नये.

प्लग काढण्यासाठी प्लग पाना लागतो आणि इंजिन थंड असावे लागते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे. काळी काजळी जादा पेट्रोलची किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरची खूण. टोक पेट्रोलने ओले असेल, तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे किंवा ठिणगीच पडत नाही. ओला प्लग पुसून, वाळवून बसवल्यावर अनेकदा गाडी सुरू होते. टोकांमधील फट बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पल्सरसारख्या दोन प्लगच्या गाड्यांत (हे तंत्र २००३ मध्ये आले) एक प्लग निकामी झाला, तरी गाडी चालत राहते. फक्त ओढ आणि अॅव्हरेज घटते, त्यामुळे दोष महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. दोन्ही प्लग तपासावेत.

पावसाळ्यात, किंवा धुलाई केंद्रावर प्रेशरने गाडी धुतल्यावर, पाणी प्लग कॅपमध्ये शिरते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसावी, आतला रबर फाटला असल्यास बदलावा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही एकदा सीटखाली डोकावून पाहाव्यात. चावी अडखळत असेल, तर लॉकमध्ये खोबरेल तेल सोडू नये. त्यावर धूळ चिकटून लॉक आणखी जाम होते. पेन्सिलीच्या शिशाची पूड अधिक बरी.

येथवरचे काम कोणालाही जमेल. मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा फ्यूएल इंजेक्शनने घेतली. अशा गाडीत चावी फिरवताच दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती येत नसेल, तर फ्यूज, रिले किंवा पंप पाहावा. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर ही गाडी ढकलूनही बहुधा सुरू होत नाही. प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवायचा आणि सेल्फ मारून ठिणगी पाहायची, ही जुनी युक्तीही येथे टाळावी: प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ठिणगीने ती पेटू शकते आणि अर्थ नीट न मिळाल्यास कॉइल वा ईसीयू बिघडू शकतो. सीडीआय, मॅग्नेटची कॉइल किंवा लॉकच्या वायरी ‘डायरेक्ट’ करणे हेही घरचे काम नव्हे.

चेतकला एका बाजूस कलवून किक मारणाऱ्या पिढीला हे सारे अवजड वाटेल. त्याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवरच्या चेतकसाठी कारखाना उभा आहे आणि तिला प्लगच नाही, ही गंमत वेगळीच.

एवढे करूनही गाडी हलली नाही, तर काय काय पाहिले ते कागदावर टिपून गॅरेजवर न्यावे. ‘बॅटरी १२.६, फ्यूज शाबूत, सेल्फ फिरतो, प्लग ओला’ एवढे सांगणाऱ्या ग्राहकाच्या बिलात विनाकारण नवी बॅटरी घुसवणे मेकॅनिकला अवघड जाते.