ज्ञानदानाचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानास जातिभेदाचे कुंपण नसावे, हे आचरणातून दाखविणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाने हा प्रसंग विसरू नये.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली सातारा येथे सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण केले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. निर्धनांसाठी ‘कमवा व शिका’ योजना आली.

युनेस्कोच्या डेलॉर आयोगाने १९९६ साली भावी शिक्षणाचे चार आधारस्तंभ सांगितले. कृतीसाठी व सहजीवनासाठी शिकणे हे त्यांतील दोन स्तंभ साताऱ्यात कित्येक दशके आधीच उभे होते.

पाचोऱ्यासारख्या कापसाच्या पेठेत दान देणारे हात पुष्कळ आहेत. त्या दानातून शेतमजुराचे मूलही शिकावे, हीच कर्मवीरांना खरी आदरांजली ठरेल.