अर्धा पत्ता आणि पुरा पत्ता

गावात नवखा माणूस आला आणि त्याने शाळेचा रस्ता विचारला, तर ओट्यावर बसलेला म्हातारा त्याला राज्य, जिल्हा, तालुका सांगत बसत नाही. "हे देऊळ मागे टाका, पलीकडची दुसरी इमारत," एवढ्यावर काम भागते. पण हेच शब्द पाकिटावर लिहून पोस्टाच्या पेटीत टाकले, तर ते पत्र कोठेही पोचावयाचे नाही. सांगणारा कोठे उभा आहे हे ठाऊक असेल तोवरच अर्धा पत्ता पुरतो. संगणकांच्या जाळ्यात ह्या अर्ध्या पत्त्याला सापेक्ष व पुऱ्या पत्त्याला निरपेक्ष म्हणतात. वेबवरील एका पानात दुसऱ्या पानाचा पत्ता बहुधा असा अर्धाच लिहिलेला असतो. तो पुरा करण्याचे काम आपला ब्राउझर दर टिचकीला, आपल्याला न सांगता, करीत असतो. ह्या मुक्या कामालाही इतिहास आहे आणि त्यात थोडी भांडणेही आहेत.

ह्या रीतीचे घराणे वेबहून वीस वर्षांनी जुने. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ह्या संगणक-प्रणालीची उभारणी सुरू केली. तिच्यात कागदपत्रे खणांत, खण मोठ्या खणांत, अशी मांडणी असे. तिरक्या रेघेने आरंभ झालेला मार्ग अगदी वरच्या खणापासून मोजावयाचा, रेघ नसेल तर आपण ज्या खणात उभे आहोत तेथून मोजावयाचा, आणि दोन टिंबे आली की एक पायरी वर चढावयाचे.

१९८९ साली जिनिव्हानजीकच्या सर्न ह्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी वेबची योजना मांडली, आणि १९९० च्या अखेरीस त्यांचा पहिला ब्राउझर चालू झाला. पत्त्यातील तिरकी रेघ त्यांनी युनिक्सकडून घेतली. आरंभीची जोडरेघ घेतली ती अपोलो संगणकांच्या प्रणालीवरून. तिची वास्तविक गरज नव्हती, अशी कबुली त्यांनी २००९ साली दिली. तोपर्यंत साऱ्या जगाने ती जोडरेघ किती वेळा लिहिली असेल, त्याचा हिशेब आम्ही करीत नाही. आणखी एक गंमत पाहा. यंत्राचे नाव लहानाकडून मोठ्याकडे वाचावयाचे आणि पुढचा मार्ग मोठ्याकडून लहानाकडे. दोन घराण्यांचा संसार एका ओळीत मांडला की असे होतेच.

आता ब्राउझर करतो काय ते पाहू. समजा, 'ग्रंथालय' नावाच्या यंत्रावर 'इतिहास' हा खण आहे, त्यात 'पेशवाई' हा खण, आणि त्यात 'बाजीराव' हे पान आपण वाचीत आहोत. त्या पानात नुसता 'माधवराव' असा पत्ता आला, तर ब्राउझर हातातल्या पत्त्याची शेवटच्या तिरक्या रेघेपुढची शेपटी तोडतो, म्हणजे 'बाजीराव' जाते, आणि तेथे 'माधवराव' जोडतो. '../मोगलाई' असे आले, तर 'पेशवाई'ही जाते आणि 'इतिहास'च्या खाली 'मोगलाई' येते. पत्ता एका रेघेने सुरू झाला, तर यंत्राचे नाव तेवढे शिल्लक राहते.

मेख आहे ती त्या शेवटच्या रेघेत. पत्ता 'इतिहास/पेशवाई/' असा रेघेसकट असेल तर पेशवाई हा खण ठरतो आणि 'माधवराव' त्याच्या आत सापडतो. रेघ गाळली की तेच पेशवाई शेपटी ठरून तुटते, आणि ब्राउझर माधवरावांना इतिहासाच्या खणात शोधीत बसतो. म्हणूनच कित्येक सर्व्हर रेघ विसरलेल्या वाचकाला आधी रेघेच्या पत्त्यावर परत धाडतात.

हे नियम प्रथम स्वतंत्रपणे बांधले रॉय फील्डिंग ह्यांनी, जून १९९५ मध्ये, आरएफसी १८०८ ह्या दस्तऐवजात. वाद लगेच उभे राहिले. वर चढावयास पायऱ्याच उरल्या नाहीत आणि टिंबे मात्र शिल्लक आहेत, तर काय करावे? १८०८ ने सांगितले, ती पत्त्यात तशीच राहू द्या. २००५ च्या आरएफसी ३९८६ ने सांगितले, टाकून द्या. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढचा मजकूर तेवढा दिला असेल, तर पानाचे नाव ठेवावयाचे की गाळावयाचे? १९९५ साली ठेवले, १९९८ साली गाळले, २००५ साली पुन्हा ठेवले. कोणी म्हणेल, हा नुसता किरकोळ कीस आहे. आम्हांस तसे वाटत नाही. दोन ब्राउझरांनी एकच अर्धा पत्ता दोन रीतींनी पुरा केला, तर एका वाचकाला पान मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, व दोष कोणाचा हे दोघांनाही कळत नाही.

आणि पाने घर बदलतात तेव्हा हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा होतो. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीज ह्या ठिकाणी सामान्य माणसांनी आपली पाने मांडली होती. तेथे 'हॉलीवुड' वगैरे नावांच्या वस्त्या होत्या आणि प्रत्येकाला घर क्रमांक मिळे. ऑक्टोबर २००९ मध्ये तिचे अमेरिकेतील दुकान बंद झाले. आर्काइव्ह टीम ह्या स्वयंसेवकांच्या मंडळाने तत्पूर्वी शक्य तेवढी पाने उतरवून घेतली आणि पुढल्या वर्षी सहाशेहून अधिक गिगाबाइटांचे ते गाठोडे लोकांना खुले केले. ज्यांनी आपल्या पानांत अर्धे पत्ते लिहिले होते, त्यांची पाने कोणाच्याही यंत्रावर एकत्र ठेवली की एकमेकांना सापडतात. ज्यांनी काळजीपूर्वक पुरे पत्ते लिहिले, त्यांचे दुवे मोडलेल्या घराकडेच बोट दाखवितात. त्यांना वाचवावयाचे तर प्रत्येक पत्ता नव्याने लिहावा लागतो.

एप्रिल २०१३ मध्ये सर्नने वेबचे पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. हाती लागलेली प्रत १९९२ ची होती. ते पान उघडून त्याचा मूळ मजकूर पाहावा. बहुतेक दुव्यांत यंत्राचे नावच नाही. शेजारच्या पानाचे नाव, फार तर दोन टिंबे आणि एक रेघ. त्यांवर टिचकी मारली की आजचा ब्राउझर शेपटी तोडतो, नाव जोडतो, आणि पान उघडते.